भिंगाला दिसलेले

३ जून

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण एक करड्या रंगाची पाटी आहे.

गेल्या वर्षी तू माझ्यासाठी म्हणून ते भिंगाचे ॲप बनवलेस, तेव्हापासून पोथीच्या पानावर फोन धरावा आणि मुंगीएवढे अक्षर भुंग्याएवढे करून वाचावे, हा माझा नित्यक्रम झाला आहे. परंतु गेल्या आठवड्यापासून भिंग उघडताच ही पाटी आडवी येते. ‘आमचे गोपनीयता धोरण बदलले आहे’ असे वर लिहिलेले असते आणि खाली एकच कळ: ‘मान्य आहे’. ‘अमान्य’ची कळ मी शोधून शोधून थकलो. ज्या प्रश्नाला एकच उत्तर असते त्याला प्रश्न म्हणत नाहीत, आज्ञा म्हणतात.

तुझी मामी म्हणाली, “अहो, दाबा ना एकदाचं! अख्खं जग दाबतं.” मी म्हणालो, “जग दाबत असेल. मी ‘मान्य’ म्हटले म्हणजे तो माझा शब्द झाला, आणि न वाचलेल्या मजकुराला मी आयुष्यात शब्द दिलेला नाही.” ती म्हणाली, “मग बसा फोनवर भिंग धरून.” तिने हे चेष्टेने म्हटले, मी ते शब्दशः केले. टेबलाच्या खणातले जुने पितळी भिंग काढले आणि भिंगाच्या अटी दुसऱ्या भिंगातून वाचल्या.

पोथी जशी वाचतो तशीच वाचली. आधी सलग, मग पदच्छेद करून, मग मागचे-पुढचे वाक्य ताडून. माझे निष्कर्ष तुला कळवणे कर्तव्य समजतो. हा ग्रंथ एका हातचा नाही. आरंभीचा कर्ता स्वतःला नम्रपणे ‘आम्ही’ म्हणवतो; मध्येच एक कोणी ‘कंपनी’ अवतरते आणि दरडावू लागते. पुढे तर उघडउघड प्रक्षेप आहे. तेथे वाचकाला ‘खेळाडू’ म्हटले असून ‘फुगा फुटल्यावर मिळणारे गुण’ कोठे साठवले जातील याची ग्वाही दिली आहे. भिंगात फुगा कसा आला? तेरा वर्षांखालील खेळाडूंनी पालकांची परवानगी घ्यावी, असेही आहे. माझे वय त्याहून अंमळ अधिक आहे आणि पालकांना देवाघरी जाऊन एक जमाना लोटला. तरी मी कोणाची परवानगी घ्यावी, ते कळव.

चेष्टा पुरे. भिंग बंद असल्याने माझे वाचन अडले आहे. शनिवारी सभागृहात आमची पाचदहा वृद्ध मंडळी जमतात, मी वाचतो आणि अर्थ सांगतो, हे तुला ठाऊकच आहे. ग्रंथाचा अखेरचा अध्याय उरला आहे. गेल्या शनिवारी पाठ होते तेवढे म्हटले आणि एक ओळ गाळली. पहिल्या रांगेतल्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी सर्वांदेखत म्हटले, “गुरुजी, एक स्टेशन चुकलं.” हे मला फार लागले.

माझे डोळे उत्तम आहेत. केवळ अक्षर बारीक आहे.

तुझा,
मामा

—

१२ जून

ती. मामांना साष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, एक पंखा आणि माझा भागीदार दाढीवाला. “एका हातचा नाही” येईपर्यंत तो हसत होता. “फुगा” आल्यावर थांबला आणि खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. मामा, तुमचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर आहे. धोरण त्यानेच आणलं होतं, लहान मुलांच्या फुगे फोडायच्या एका खेळातून जसंच्या तसं उचलून. नाव बदललं, फुगे राहिले. “कोण वाचतंय?” असं त्याचं शास्त्र.

तर मामा, ते कुणीच वाचत नाही. लिहिणारेसुद्धा. तो एक उपचार असतो, दारातल्या पायपुसण्यासारखा. तुम्ही पायपुसण्याचा अन्वय लावत बसला आहात. मामींचं ऐका, डोळे मिटून दाबून टाका आणि तुमचा अध्याय पुरा करा. मी सांगते ना, काही होत नाही.

आता माझा एक प्रश्न. अक्षर बारीक आहे हे मान्य. पण ते गेली दोन वर्षं तेवढंच आहे ना? डोळे कुणाला दाखवलेत का? आणि मंगळवारी सकाळी हल्ली कुठे जाता?

मामींना नमस्कार.

तुमची,
खारूताई

—

२० जून

चि. खारूताईस,

आशीर्वाद. ‘डोळे मिटून दाबा’ हा उपदेश डोळ्यांसाठी बनवलेल्या उपकरणाच्या कर्तीकडून यावा, याची मौज वाटली.

तू त्याला पायपुसणे म्हणतेस. मी पुन्हा वाचले. ‘आम्ही आपले ठिकाण, आपण किती वेळ वापर केला व कसा केला ही माहिती गोळा करू शकतो आणि विश्वासू तृतीय पक्षास देऊ शकतो.’ येथील ‘शकतो’ या पदाने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. हे सामर्थ्याचे वर्णन आहे की संकल्प आहे? मीही शेजाऱ्याच्या भिंतीवरून उडी मारू शकतो. पण तसे मी त्याला लिहून कळवत नाही. लिहून कळवले, तर तो कुत्रा पाळील, आणि योग्य करील.

आणि हा तृतीय पक्ष कोण? पहिला तू, दुसरा मी. तिसरा दाराशी उभा आहे. त्याला नाव नाही, तोंड नाही, पण त्याच्यापुढे ‘विश्वासू’ हे विशेषण मात्र आहे. विश्वास माझा ठेवायचा. मग तो विश्वासू आहे की नाही हे तुम्ही कसे ठरवलेत? मामीला फोनवर अलीकडे सारख्या चष्म्यांच्या आणि गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसतात. ती म्हणते, “या मेल्यांना माझे गुडघे कुणी दाखवले?” हे सारे त्या तिसऱ्याचेच तर उद्योग नव्हेत?

मंगळवारचे विचारलेस. मंगळवारी मी ग्रंथालयाच्या रस्त्याने फिरून येतो. मामीलाही तेच सांगितले आहे आणि त्यात एक अक्षर खोटे नाही.

कळ मी अद्याप दाबलेली नाही.

तुझा,
मामा

—

२९ जून

ती. मामा,

रागावू नका, पण तुम्ही “ग्रंथालयाच्या रस्त्याने” असं लिहिलंत, “ग्रंथालयात” असं नाही लिहिलंत. माझ्या मामाकडूनच शिकले आहे मी, वाक्य कसं वाचायचं ते.

दाढीवाल्याला तुमची भिंतीवरची उडी वाचून दाखवली. तो म्हणाला, “तुझ्या मामांना आपण वकील म्हणून ठेवू या.” मी हसले. पण मनातून हसले नाही.

मामा, हा विषय हसण्यावारी नेऊ नका. आठपट मोठं करूनही ओळ लागत नसेल तर दोष छपाईचा नाही. त्या बाकावर बसून पोथी वाचत नंबराची वाट बघण्यापेक्षा आत डॉक्टर काय सांगतात ते एकदा नीट ऐका. आणि मामींना सांगा. नाहीतर मला यावं लागेल आणि मी आले म्हणजे रडते, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
खारूताई

—

६ जुलै

चि. खारूताईस,

तुझे पत्र चार वेळा वाचले. पहिल्यांदा घाबरलो, दुसऱ्यांदा रागावलो, तिसऱ्यांदा विचार केला. चौथ्यांदा केवळ खात्री करून घेतली.

मनुष्याला एखादी गोष्ट कळण्याचे मार्ग मोजके असतात. ती त्याने स्वतः पाहिलेली असते, किंवा खुणेवरून ताडलेली असते, किंवा भरवशाच्या माणसाने सांगितलेली असते. आता बघ. तू येथून इतकी दूर. तेव्हा प्रत्यक्ष पाहण्याचा प्रश्न नाही. कोणी सांगितले म्हणावे, तर मी बाकावर बसतो हे या घरात मीच जाणतो, आणि मी कोणाला बोललेलो नाही. राहिले अनुमान. धुरावरून अग्नी कळतो हे खरे. पण अग्नी ‘आठपट’ आहे हे कोणत्याही धुरावरून कळत नाही. आठपट हा आकडा मी एका ठिकाणीच पाहिला आहे, भिंगाच्या कोपऱ्यात. तेव्हा जेथे मी होतो, तेथे माझ्याबरोबर दुसरे जे एकच होते, त्यानेच हे सांगितले.

खारूताई, तुझ्या भिंगाला दोन्ही बाजूंनी दिसते.

तरी मी मनात म्हटले, माझी संमती कोठे आहे? नव्या अटी तर मी मान्य केल्या नव्हत्या. मग जुन्या कधी केल्या? मामीला विचारले. ती डाळ निवडत म्हणाली, “मीच दाबलं होतं तेव्हा. तुम्ही आंघोळीला गेला होतात. पोरीनं इतक्या हौसेनं पाठवलेलं, ते काय पाटीपाशी अडवून ठेवायचं?” सहधर्मचारिणी सर्व कार्यांत सहभागी असते हे मी अनेकांना समजावून सांगितले आहे. इतके शब्दशः कोणी घेईल असे वाटले नव्हते.

सर्वसाक्षी म्हणवणारा एक आहे. तो मला निजताना, उठताना, चिडताना, चुकताना पाहतो, अशी माझी जन्मभराची श्रद्धा आहे. परंतु त्याने आजवर माझे काही तृतीय पक्षास कळवल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच त्याच्यासमोर मी उघडा बसू शकतो. तुझ्या यंत्राने त्याची अर्धी विद्या घेतली आहे. पाहण्याची घेतली, मौनाची घेतली नाही.

तेव्हा तुझ्याजवळ माझे जे जे आहे ते सर्व स्वहस्ते लिहून पाठव. मला ते वाचायचे आहे. हाती घ्यायचे पितळी भिंग अजून शाबूत आहे.

मामीला तू काहीही कळवणार नाहीस, असे गृहीत धरतो. की यावरही एखादे धोरण आहे?

मामा

—

१५ जुलै

ती. मामा,

“तुझा” लिहिलं नाहीत. कळलं.

लिहिते. माझ्याकडे एक नकाशा आहे. जगात कुणी आमचं भिंग उघडलं की त्यावर एक टिंब उमटतं. टिंबाला नाव नसतं, फोन नंबर नसतो. धोरणात लिहिलंय ना, “कोणाही व्यक्तीची ओळख पटणार नाही”, ते मीही खरं धरून चालले होते. आमच्या शहरात टिंबांची नुसती गर्दी आहे, तिथे खरंच कोण कोणाला ओळखणार? पण मामा, तुमच्या गावात भिंग वापरणारा माणूस एकच आहे. एकच टिंब. त्याला नाव कशाला हवं?

तुमचं पहिलं पत्र आलं, “डोळे उत्तम आहेत” वाचलं आणि मला राहवलं नाही. मी टिंब उघडलं. पहाटे ते तुमच्या घरी असतं. शनिवारी सभागृहात. आणि वसंत लागल्यापासून दर मंगळवारी ग्रंथालयासमोरच्या नेत्र रुग्णालयात. आधी तुम्ही अक्षर दुप्पट करत होतात. मग चौपट. मग आठपट, आणि आठपटीच्या पुढे आमचं भिंग जातच नाही. पान उलटायला लागणारा वेळही त्यात दिसतो. तो मी लिहीत नाही, मला लिहवत नाही.

बाक मला दिसला नाही. तो मी ताडला. एवढं माझं अनुमान समजा.

हे सगळं साठवणारा प्रोग्रॅमचा तुकडा दाढीवाल्याने बसवला, पण मी “बसव” म्हटलं म्हणून. एका चष्मेवाल्या कंपनीला हवं होतं, कुठल्या भागात लोक जास्त मोठं करून वाचतात ते. बोलणी जवळजवळ ठरली होती. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, द्यायचं नाही. तो म्हणाला, “अगं, नावं कुठे देतोय आपण? नुसती टिंबं.” मी म्हटलं, “त्यातलं एक टिंब माझा मामा आहे.” मग आमचं कडाक्याचं वाजलं. तीन दिवस दोन टेबलांमध्ये कुणी बोललं नाही, पंखा सोडून. काल सकाळी तो आला, डबा ठेवला, म्हणाला, “माझी आईपण वापरते गं ते भिंग. बघितलं मी तिचं टिंब.” आणि तुकडा काढून टाकला. चष्मेवाल्यांना नकार कळवला.

मी सगळी टिंबं पुसली. तुमचंही. पण मामा, यंत्रातलं पुसता आलं, माझ्या डोक्यातलं कसं पुसू? मला कळलंय. ते मी विकत नाही, देत नाही, मामींनाही सांगणार नाही. तुमचं गुपित तुमच्या मालकीचं आहे. पण ते माझ्याकडे येऊन पडलंय आणि मला ते घेऊन झोप लागत नाही. तुमचा डावा डोळा लहानपणापासून मंद. म्हणजे सगळी मदार उजव्यावर. तो एकदा सुरीखाली द्यायची भीती वाटते, हो ना? म्हणून माझं भिंग धरून दिवस ढकललेत. मी केलेली वस्तू तुम्हाला डॉक्टरांपासून लपायला उपयोगी पडली, हे मला सहन होत नाही.

नवं धोरण मी स्वतः लिहिलंय. सोबत पाठवते, मोठ्या अक्षरात: “हे भिंग अक्षर मोठे करते. ते काही लक्षात ठेवत नाही आणि कोणाला काही सांगत नाही. आपणास हे मान्य नसेल तर ‘नको’ दाबा. भिंग तरीही उघडेल.”

अन्वय लावून बघा. फुगे नाहीत.

तुमची, अजून असेन तर,
खारूताई

—

११ ऑगस्ट

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगत आहे आणि तुझी मामी लिहीत आहे. वैद्यकीय आज्ञेने मला लिहिण्या-वाचण्यास महिनाभर मनाई आहे. (खारू, मी मामी. हे जे बोलतील ते मी लिहीन. मधे मला वाटलं तर माझंही लिहीन. हात माझा आहे.)

तुझे पत्र आल्यावर तीन दिवस मी मौन धरले. (कसलं मौन! दिवसभर स्वतःशी पुटपुटत होते.) चौथ्या दिवशी जेवताना हिला सांगितले. डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे; डॉक्टर वसंतापासून सांगत आहेत की आणखी लांबवल्यास आतला दाब वाढेल आणि मग हाती काही राहणार नाही; आणि मी ग्रंथ संपेपर्यंत म्हणून टाळत आलो आहे. सारे क्रमवार, आधार देऊन सांगितले. हिने चमचा खाली ठेवला. मला वाटले, आता ही डोळ्यांविषयी विचारील. हिने विचारले, “खारूला कधी कळलं?”

(विचारणारच. तुला दूर बसून टिंबात दिसलं आणि मला शेजारी बसून दिसलं नाही. मी त्यांच्या ताटातलं मीठ न चाखता सांगते, आणि हे दिसलं नाही. मला किती लागलं असेल? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग म्हटलं, भांडण डोळ्यानंतर करू, तारीख घ्या.)

तारीख घेतली. शस्त्रक्रियेच्या आधी एक कागद आला. सही करायची होती. मी तो हिला वाचून दाखवण्यास सांगितले, आरंभापासून अखेरपर्यंत. (परिचारिका जांभया द्यायला लागली. डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, “इतक्या वर्षांत हा कागद पुरता ऐकणारे तुम्ही पहिलेच.” तर हे म्हणतात कसे, “कलम सहा पुन्हा वाच.”) त्या कागदात ‘डोळा जाण्याचा संभव’ स्पष्ट शब्दांत लिहिला होता. काही लपवलेले नव्हते. का कोण जाणे, त्यानेच धीर आला. संकट तोंडासमोर आपले नाव सांगून उभे राहिले की मनुष्य त्याच्याशी बोलू शकतो. मी जाणून, ऐकून, शुद्धीवर असताना ‘मान्य’ म्हटले.

तुझे धोरण हिने वाचून दाखवले. एकच दोष आहे. ‘सांगत नाही’ हे भिंगाविषयी झाले; भिंगाच्या कर्तीविषयी काय? तिचेही नाव घाल. बाकी ग्रंथ एका हातचा आहे, हे ऐकूनच कळले. शंका नको म्हणून प्रथम ‘नको’ दाबून पाहिले. भिंग उघडले. मग बंद करून ‘मान्य आहे’ दाबले. माझ्या बोटाने. (बोट त्यांचं, कळ कुठे आहे ते मी दाखवलं.)

शनिवारी सभागृहात आता ही वाचते आणि मी अर्थ सांगतो. ही मधेच थांबून म्हणते, “हे मला पटलं नाही.” त्यामुळे अखेरचा अध्याय लांबत चालला आहे, आणि स्टेशनमास्तरांना मात्र तो कधी संपू नये असे वाटते.

आज सकाळी पट्टी काढली.



भिंत पांढरी आहे, मी ती पिवळट समजत होतो. खिडकीबाहेरच्या झाडाला सुटी सुटी पाने आहेत. डॉक्टरांनी समोर अक्षरांचा तक्ता धरला आणि सर्वांत खालची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली, भिंगावाचून वाचली. मग डॉक्टर म्हणाले, आता जवळचे काहीतरी पाहा. तुझी मामी उशाशी उभी होती. तिच्याकडे मी पाहिले आणि

(इथून पुढे त्यांनी एक वाक्य सांगितलं. छान आहे. बांधीव आहे. मी ते दोनदा म्हणवून घेतलं. पण तुला लिहीत नाही. म्हणाले, “लिही ना, तिला आवडेल.” मी म्हटलं, आवडेल, पण ते माझं आहे.

ये लवकर. रडलीस तरी चालेल.

मामी)